खेळाडूचा पगार : आकडा मोठा की खरा?



२०२४ सालचा पावसाळा सरत आला होता. एका संध्याकाळी आमच्या राहात्याचे एक पेरूबागायतदार माझ्या घरी आले. चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"सर, तुम्ही कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता. एवढं वाचून सांगा. सगळं इंग्रजीत आहे."

कागद त्यांच्या मुलाचा होता. मुलगा एकोणीस वर्षांचा, माझाच जुना विद्यार्थी. आमच्याकडे अकरावी-बारावी करून तो पुण्याला शिकायला गेला आणि तिथे फुटबॉलमध्ये गोलरक्षक म्हणून चमकला. परराज्यातल्या एका क्लबाने त्याला दहा महिन्यांचा करार देऊ केला होता. दरमहा चाळीस हजार रुपये, राहणे-जेवण क्लबाकडे.

मी म्हणालो, "तात्या, आकडा चांगला आहे."

तात्या म्हणाले, "आकडा चांगलाच आहे हो सर. पण पैसे खरे आहेत का?"

मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. खेळाडूच्या पगाराविषयी आपण बोलतो तेव्हा 'किती' एवढेच विचारतो. वर्तमानपत्रातही तोच आकडा ठळक छापतात. 'खरे आहेत का' हा प्रश्न मात्र ज्याने कारखान्याला ऊस घातला आहे आणि पेमेंटची वाट पाहिली आहे त्यालाच सुचतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम हे पाहू, की क्लबाकडे पैसा येतो कुठून. वाटा चार. एक, तिकिटांची विक्री. दोन, दूरदर्शनवाहिन्यांनी प्रक्षेपणाच्या हक्कासाठी दिलेली रक्कम. तीन, अंगरख्यावर नाव छापून घेणाऱ्या कंपन्यांची जाहिरात. आणि चार, मालकाचा खिसा. पहिल्या तीन वाटा म्हणजे विहिरीचे झरे समजा. चौथी वाट म्हणजे बाहेरून आणून ओतलेला टँकर. टँकरने बाग जगते, नाही असे नाही. पण टँकरवाला एक दिवस आला नाही, तर? आपल्या देशातील फुटबॉल क्लबांचे झरे बारीक आहेत आणि पुष्कळांची बाग टँकरवर उभी आहे. खेळाडूच्या पगाराची निम्मी कथा या एका वाक्यात आली.

पूर्वी मुंबईत वेगळी रीत होती. रेल्वे, पोलीस, विमान कंपनी, गिरण्या, कारखाने यांचे संघ असत. खेळाडू हा त्या ठिकाणचा नोकर. सकाळी सराव, दुपारी कचेरी, आणि कूपरेजच्या मैदानावर सामना. पगार बेताचाच, पण महिन्याच्या महिन्याला हातात पडे, आणि गुडघा दुखावला तरी नोकरी राही. पुढे खेळ पूर्णपणे व्यावसायिक झाला. करार आले, पगार वाढले, आणि ती जुनी सावली गेली. मुंबईचा महिंद्र संघ १९६२ साली सुरू झाला. २००५-०६ च्या हंगामात त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. आणि २०१० साली कंपनीने संघ बंद केला. संघ मैदानावर हरला म्हणून तो बंद झाला नाही. मालकाने ठरवले आणि झाले. गोव्याचेही असेच. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवणाऱ्या धेंपो क्लबाने, आणि त्याच्या बरोबरीने साळगावकर व स्पोर्टिंग क्लब यांनी, २०१६ साली राष्ट्रीय पातळीच्या आय-लीगमधून अंग काढून घेतले.

आता पुण्याच्या एका क्लबाची गोष्ट ऐका. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पुण्याचा क्लब, एफसी पुणे सिटी, तिच्यात होता. २०१९ साली तो पैशाच्या अडचणीत बंद पडला. त्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या क्लबाने घेतली. हा क्लब गुणी निघाला. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर त्याने केरळच्या संघाला हरवून लीगचे अजिंक्यपद मिळवले. केवढा जल्लोष झाला असेल! पण दोन वर्षेही झाली नाहीत तोच त्याच क्लबाचे पगार थकले. जुनी देणी न दिल्याबद्दल जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, नवे खेळाडू घेण्यास त्याला बंदी केली. परदेशी खेळाडू एकामागून एक निघून गेले. उरल्या तरुण पोरांना घेऊन क्लबाने २०२३-२४ चा हंगाम कसाबसा पुरा केला. बावीस सामन्यांत एकच विजय, आणि स्थान तळाचे. पुढे २०२५ साली हा क्लब हैदराबाद सोडून नव्या नावाने दिल्लीला गेला.

विजयचषक उंचावला तेव्हा हिशेबाची वही कुणी उघडून पाहिली होती का? खेळाडू मैदानावर जिंकत होते आणि क्लब वहीत हरत होता. ऊस जोमदार आहे, म्हणून कारखाना सुस्थितीत आहे, असे होत नाही. हे तुम्हां-आम्हांला वेगळे सांगायला नको.

एका क्लबाचे सोडा, अख्खी लीगच अडल्याचे उदाहरण आहे. लीग चालवणारी कंपनी आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यात २०१० साली पंधरा वर्षांचा करार झाला होता. त्याची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपायची होती. नवा करार वेळेत ठरला नाही. तेव्हा जुलै २०२५ मध्ये कंपनीने पुढचा हंगाम थांबवून ठेवला. ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या क्लबाने पहिल्या संघातील खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार बेमुदत थांबवल्याचे जाहीर केले. सप्टेंबरात सुरू व्हायचा हंगाम सप्टेंबरात सुरू झालाच नाही. वरच्या दोन मोठ्यांचा कागद अडला आणि खाली तरण्याबांड पोरांच्या घरातला महिना अडला.

तुम्ही म्हणाल, मग सरळ पगारच कमी ठेवावेत. खेळच तो, त्याला एवढे पैसे कशाला? हा विचार नवा नाही. इंग्लंडात तो साठ वर्षे करून पाहिला आहे. तिथे १९०१ सालापासून फुटबॉलपटूच्या पगाराला नियमाने कमाल मर्यादा होती. आठवड्याला चार पौंड. वाढत वाढत ती वीस पौंडांवर आली. मैदानावर चाळीस-पन्नास हजार माणसे तिकीट काढून येत, क्लबाची पेटी भरे, पण ज्यांच्यासाठी लोक येत त्यांना वीस पौंडांवर एक पेनीही देता येत नसे. शेवटी खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष जिमी हिल यांनी संपाची हाक दिली आणि जानेवारी १९६१ मध्ये ही मर्यादा उठली. लगेच फुलहॅम क्लबाच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. म्हणजे काल जो वीस पौंडांचा होता तो आज शंभराचा झाला. त्याचा खेळ एका रात्रीत पाचपट वाढला होता काय? नाही. त्याची किंमत आधीपासूनच तेवढी होती, वरचे पैसे दुसऱ्याच्या पेटीत जात होते इतकेच.

त्या काळी आणखी एक जुलूम होता. करार संपला तरी क्लबाच्या संमतीशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. आपल्याकडची एके काळची झोनबंदी आठवा! ऊस आपला, घाम आपला, पण घालायचा ठरलेल्याच कारखान्याला. तोच प्रकार. जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या खेळाडूला न्यूकॅसल क्लब सोडायचा होता. क्लब सोडीना. त्याने काही महिने खेळणे बंद ठेवले, पोटासाठी बुचे विकण्याची नोकरी धरली, आणि प्रकरण कोर्टात नेले. १९६३ साली न्यायमूर्तींनी निकाल दिला की ही पद्धत माणसाच्या रोजगारावर अवाजवी बंधन घालते. पुढे १९९५ साली बेल्जियमच्या बोस्मान या खेळाडूच्या दाव्यात युरोपच्या न्यायालयाने सांगितले की करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबाला त्याची किंमत मागता येणार नाही.

दोरी सुटली. झाले ते चांगलेच झाले. पण मग गाडे दुसऱ्या अंगाला कलले. क्लब खेळाडूंसाठी एकमेकांवर चढाओढ करू लागले. कर्ज काढून पगार, उद्याच्या विजयाच्या भरवशावर आजचा खर्च. इंग्लंडातल्या बरी गावाचा क्लब १८८५ सालचा. २०१९ सालच्या वसंतात त्याने वरच्या वर्गात बढती मिळवली. त्या वेळी त्याच्या खेळाडूंचे पगार थकलेले होते. ऑगस्ट उजाडला आणि पैशाची सोय दाखवता न आल्यामुळे लीगने त्याला काढून टाकले. गावाची पाच-सहा पिढ्यांची ठेव चार महिन्यांत गेली.

तेव्हा अन्याय दोन तोंडांचा आहे हे ध्यानात घ्या. क्लबाची पेटी भरलेली असताना खेळाडूला थोडे देणे हा एक अन्याय. आणि पेटी रिकामी असताना मोठा आकडा लिहून देणे हा दुसरा. पहिला अन्याय चटकन दिसतो. दुसरा औदार्याचा वेष घेऊन येतो, म्हणून तो अधिक फसवा.

यावर युरोपच्या फुटबॉल संघटनेने, म्हणजे युएफाने, काय तोड काढली ती पाहू. २०१० साली तिने नियम केला की क्लबाने आपल्या उत्पन्नाच्या हिशेबातच खर्च करावा. २०२२ साली नियम आणखी नेमका केला. खेळाडूंचे पगार, त्यांच्या खरेदीचा वार्षिक बोजा आणि दलालांची दलाली हे सगळे मिळून क्लबाच्या उत्पन्नाच्या सत्तर टक्क्यांवर जाता कामा नये. ही मर्यादा एकदम लादली नाही. पहिल्या वर्षी नव्वद, मग ऐंशी, आणि २०२५-२६ च्या हंगामापासून सत्तर. शिवाय खेळाडूंची आणि इतर क्लबांची देणी थकलेली चालणार नाहीत.

सत्तर टक्के! हा आकडा वाचला आणि मी थबकलो. आपल्या उसाचे काय? रंगराजन समितीने २०१२ साली हेच सुचवले, की साखर आणि मुख्य उपपदार्थ यांच्या उत्पन्नातील सत्तर टक्के वाटा उसाचा आणि तीस टक्के कारखान्याचा. महाराष्ट्राने २०१३ साली त्यासाठी कायदाही केला. अर्थात दोन्हींत एक फरक आहे, तो नीट समजून घ्या. उसाचा सत्तर हा शेतकऱ्याला मिळायलाच हवा असा वाटा आहे. फुटबॉलचा सत्तर ही ओलांडू नये अशी रेघ आहे. पण दोन्हींच्या मुळाशी विचार एकच. कष्ट करणाऱ्याचा मोबदला धन्याच्या मर्जीवर किंवा बढाईवर नको, तो धंद्याच्या खऱ्या उत्पन्नाशी बांधलेला हवा.

नियम नुसता कागदावर नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने आपल्या तोट्याच्या मर्यादा मोडल्याबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हर्टन क्लबाचे दहा गुण कापले. अपिलात ते सहा झाले, पण कापले गेले. दंडाची रक्कम श्रीमंत मालक सहज भरतो, गुण मात्र बाजारात विकत मिळत नाहीत.

या नियमात खोट नाही का? आहे. शंभर रुपये कमावणाऱ्याचे सत्तर टक्के सत्तर रुपये, दहा कमावणाऱ्याचे सात. मोठा मोठाच राहतो आणि धाकट्याने अंग वर काढायचे म्हटले तर नियम आडवा येतो. म्हणून काही खेळांत दुसरी रीत धरतात. सगळ्या संघांना सारखीच थैली. आपल्या मातीतल्या कबड्डीचे पाहा. प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामासाठी, २०२३ साली, प्रत्येक संघाला खेळाडू घेण्यासाठी पाच कोटींची मर्यादा होती. श्रीमंत-गरीब भेद नाही. पण तिथेही गंमत झाली. तेलुगू टायटन्स संघाने पवन सेहरावत या एका खेळाडूसाठी दोन कोटी साडेसाठ लाख रुपये मोजले. निम्म्याहून अधिक थैली एकावर सरली, आणि उरलेल्यात बाकी सारा संघ बसवायचा! पवन मोठा खेळाडू, त्याची किंमत त्याने घ्यावी, त्यात वावगे काही नाही. पण त्या हंगामात संघ तळाला राहिला. संघांमध्ये समता आली म्हणजे संघाच्या आत न्याय आला असे होत नाही. बैलगाडीला एकच बैल तगडा घेऊन भागत नाही, दुसऱ्यालाही वैरण लागते.

आता पुन्हा तात्यांच्या कागदाकडे येतो. हे सारे वाचून मी त्यांना बोलावले. मुलगाही आला होता. मी म्हणालो, "आपण क्लबाला चार गोष्टी विचारू. पगार कोणत्या तारखेला होणार? कराराची नोंद महासंघाकडे होणार का? दुखापत झाली तर खर्च कुणाचा आणि पगार चालू राहणार का? आणि क्लबाचे उत्पन्न कशाचे?"

मुलगा संकोचला. "सर, एवढं विचारलं तर ते दुसऱ्या पोराला घेतील."

तात्या म्हणाले, "घेऊ देत. मी व्यापाऱ्याला बाग देतो तेव्हा एवढं विचारतोच की."

क्लबाने पहिल्या दोन गोष्टी लिहून दिल्या. दर महिन्याच्या सात तारखेला पगार, आणि कराराची नोंद. दुखापतीचा खर्च तोंडी कबूल केला. चौथ्या प्रश्नाला उत्तर आले नाही. ते न आलेले उत्तर आम्ही वाचायला हवे होते. मुलगा गेला.

तीन महिने पगार वेळेवर आला. चौथा आला नाही. पाचवाही आला नाही. मुलगा फोनवर काही बोलेना. आईला मात्र कळले, कारण त्याने घरूनच पाचशे रुपये मागितले.

इथे एक नियम कामाला आला, तो सर्वांनी लक्षात ठेवावा. उसाच्या बाबतीत १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर पंधरा टक्के व्याज बसते. फुटबॉलमध्येही फिफाने २०१८ साली तसलेच कलम घातले. दोन महिन्यांचे पगार थकले, तर खेळाडूने क्लबाला लेखी कळवायचे आणि निदान पंधरा दिवसांची मुदत द्यायची. तरीही पैसे आले नाहीत, तर करार मोडण्यास ते न्याय्य कारण ठरते. मग खेळाडू मोकळा, आणि थकलेल्या पैशावरचा त्याचा हक्क शाबूत.

आम्ही पत्र लिहिले. मुलाचा हात सही करताना कापत होता. त्याला भीती होती की बोभाटा होईल आणि दुसरा कुणी घेणार नाही. ही भीती खोटी नाही. कायदा कागदावर खेळाडूच्या बाजूचा असला तरी खेळाडूचे वय सहा-आठ वर्षांचे असते, आणि दाव्याचे वय कुणी सांगावे? पंधराव्या दिवशी एका महिन्याचे पैसे आले. दुसऱ्या महिन्याचे अजून यायचे आहेत. मुलगा परत आला, बी.ए.च्या राहिलेल्या परीक्षेला बसला, आणि रोज पहाटे शाळेच्या पटांगणावर धाकट्या पोरांकडून आपल्यावर चेंडू मारून घेतो. पुन्हा कुठे निवड झाली तर जाणार, म्हणतो. जावेच. मी त्याला अडवणार नाही, आणि तात्याही नाहीत.

तात्या परवा भेटले तेव्हा म्हणाले, "सर, दर कमी मिळाला तर माणूस चिडतो, पण पुढची लागण करतो. पेमेंटच थकलं की माणूस खचतो." मी वर्गात तासभर बोलून जे सांगितले असते ते त्यांनी पेरूच्या पाटीवर हात ठेवून सांगितले.

शिक्षक मित्रांनो, एक विनंती करून थांबतो. तुमच्या शाळेतला एखादा मुलगा, एखादी मुलगी, कबड्डीत, कुस्तीत, फुटबॉलमध्ये, क्रिकेटमध्ये पुढे जाईल. कुणीतरी त्यांच्यापुढे कागद ठेवील. त्या दिवशी हार घालून फोटो जरूर काढा. पण त्याआधी त्या कागदाची घडी उलगडून त्यांच्याबरोबर बसा. तारीख आहे का, नोंद आहे का, दुखापतीचे काय, आणि पैसा कुठून येणार, हे चार प्रश्न पेन्सिलीने समासात लिहा. ज्या प्रश्नाचे उत्तर येणार नाही त्याच्याभोवती गोल काढा. आणि आईबापांनो, तो गोल पाहिल्याशिवाय सही करू देऊ नका.